चेहरा सारखा, स्वभाव निराळा : मेंदूतील गाठींची ओळख कशी पटते?

मेंदूत गाठ आहे असे कळले की घरातल्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "डॉक्टरसाहेब, गाठ साधी आहे की कॅन्सरची?" प्रश्न स्वाभाविक आहे, पण मेंदूच्या बाबतीत तो अपुरा पडतो. मेंदूत होणाऱ्या गाठी साधी आणि कॅन्सरची अशा दोनच जातींच्या नसतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली केलेल्या वर्गीकरणात मेंदू व मज्जारज्जूच्या गाठींचे शंभराहून अधिक प्रकार नोंदलेले आहेत. त्यांतले कित्येक प्रकार एकमेकांसारखे दिसतात; उपचार मात्र प्रत्येकाचा वेगळा असतो.

म्हणूनच पुष्कळदा असे घडते, की डोक्याची मोठी शस्त्रक्रिया पार पडते, काढलेला तुकडा तपासणीला जातो, आठ-दहा दिवसांनी रिपोर्ट हातात येतो आणि त्याच्या शेवटी एक ओळ असते : ‘निश्चित निदानासाठी पुढील तपासण्या आवश्यक.’ नातेवाइकांचा धीर सुटतो. तुकडा काढून झाला, पैसे भरून झाले, तरी यांना कळत कसे नाही, असे त्यांना वाटते. कुणी म्हणते, प्रयोगशाळा बरी नाही. कुणी म्हणते, पैसे उकळण्याचा धंदा आहे.

वाचकहो, ती ओळ लिहिणारा पॅथॉलॉजिस्ट बहुधा प्रामाणिकपणे आपले काम करीत असतो. नुसत्या रूपावरून गाठ ओळखणे का अवघड आहे, गाठीतील जिवंत पेशी बाटलीत वाढवून शास्त्रज्ञांनी त्यांचा स्वभाव कसा ओळखला, आणि त्या ज्ञानाचा आपल्या रुग्णाला आज काय उपयोग होतो, हे या लेखात पाहू.

सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसते?

आपल्या मेंदूत दोन मुख्य प्रकारच्या पेशी असतात. विचार, हालचाल, स्मरण ही कामे करणाऱ्या त्या चेतापेशी. त्यांना आधार देणाऱ्या, त्यांचे पोषण व संरक्षण करणाऱ्या त्या आधारपेशी. या आधारपेशींना ‘ग्लिया’ म्हणतात आणि त्यांच्यासारख्या पेशींपासून बनलेल्या गाठींना ‘ग्लायोमा’. चांदणीसारखे फाटे असलेल्या आधारपेशींसारखी गाठ ती ‘ॲस्ट्रोसायटोमा’. मोजके फाटे असलेल्या आधारपेशींसारखी गाठ ती ‘ऑलिगोडेंड्रोग्लायोमा’. सर्वांत आक्रमक गाठीला ‘ग्लायोब्लास्टोमा’ असे नाव आहे.

शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा फॉर्मालिन या द्रवात टाकतात. त्यामुळे तो सडत नाही. मग तो मेणात बसवून त्याची वडी तयार करतात. तिला ‘ब्लॉक’ म्हणतात. या वडीचे केसाच्या जाडीहून दहा-पंधरा पट पातळ काप काढून ते काचेवर पसरतात आणि रंग देतात. पेशीचे केंद्र निळे-जांभळे दिसते, बाकीचा भाग गुलाबी. हीच ती ‘स्लाइड’.

आता अडचण कुठे येते ते पाहा. ऑलिगोडेंड्रोग्लायोमाच्या पेशी स्लाइडवर हाफ-फ्राय अंड्यासारख्या दिसतात : मध्ये गोल केंद्र, भोवती पांढरे कडे. पण दुसऱ्या काही गाठींतही अशाच पेशी आढळतात. एकाच स्लाइडवर थोड्या पेशी चांदणीसारख्या आणि थोड्या अंड्यासारख्या दिसल्या, की पूर्वी ‘मिश्र गाठ’ असे निदान लिहीत. एकच स्लाइड दोन अनुभवी तज्ज्ञांनी पाहिली तर दोघांची मते वेगळी पडत. यात त्यांचा दोष नव्हता. डोळ्यांना जे दिसते त्यालाच मर्यादा होती.

दुसरे उदाहरण लहान मुलांचे. मुलांच्या मेंदूच्या मागच्या भागात ‘मेड्युलोब्लास्टोमा’ नावाची गाठ होते. तिच्या पेशी लहान, गोल आणि निळ्या दिसतात. शरीरातल्या आणखी कितीतरी गाठींच्या पेशी अशाच लहान, गोल, निळ्या असतात. लिम्फोमा घ्या, चेतासंस्थेच्या मुळापासून निघणारा न्यूरोब्लास्टोमा घ्या. पहिल्या नजरेत सगळ्या एका माळेचे मणी.

तिसरे उदाहरण तर आणखी बोलके आहे. मुलांमध्ये ‘पायलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमा’ ही सौम्य गाठ आढळते. ती पूर्ण काढता आली तर बहुतेक मुलांना पुढे कसलेच औषध लागत नाही. पण या सौम्य गाठीतही रक्तवाहिन्यांची तशीच दाटी दिसू शकते, जी मोठ्या माणसांत घातक ग्लायोब्लास्टोमाची खूण मानली जाते. केवळ त्या खुणेवर विसंबले, तर साध्या गाठीला घातक ठरवण्याचा धोका.

फोटो आणि वागणूक

स्लाइड म्हणजे पेशीचा फोटो. फोटोवरून माणसाचा चेहरा कळतो, वागणूक कळत नाही. रोपवाटिकेत संत्र्याची दोन कलमे शेजारी उभी असतात, दोन्ही सारखीच हिरवीगार. कोणते जोमाने फळेल आणि कोणते फसवे निघेल, हे काटोल-नरखेडच्या बागाईतदाराला कलम लावून चार-पाच वर्षे थांबल्यावरच कळते. शास्त्रज्ञांनी गाठींच्या बाबतीत हाच विचार केला. पेशी मारून तिचा फोटो पाहण्याऐवजी तिला जिवंत ठेवून वाढू दिले तर? ती कशी वाढते, कुठे थांबते, कोणते फाटे फोडते, हे पाहता येईल.

या पद्धतीला ‘टिश्यू कल्चर’ म्हणतात. टिश्यू कल्चरची केळी आपल्याला माहीत आहेत. तत्त्व तेच : शरीराबाहेर, निर्जंतुक भांड्यात, योग्य खाद्य देऊन पेशी वाढवायच्या. फरक एवढाच, की केळीच्या पेशींपासून पूर्ण रोप तयार होते. माणसाच्या गाठीच्या पेशींपासून माणूस तयार होत नाही, फक्त तशाच पेशींची संख्या वाढत जाते.

यासाठी तुकडा ताजा आणि जिवंत लागतो. फॉर्मालिनमध्ये टाकलेली पेशी पुन्हा वाढू शकत नाही. लोणच्यातली कोय रुजत नाही, तसेच हे. म्हणून कल्चरसाठीचा तुकडा शस्त्रक्रियागृहातूनच वेगळ्या निर्जंतुक द्रवात ठेवून लगेच प्रयोगशाळेत न्यावा लागतो. तिथे त्याचे बारीक कण करतात, पाचक द्रव्य घालून पेशी सुट्या करतात आणि त्या सपाट तळाच्या बाटलीत सोडतात. बाटलीत गुलाबी रंगाचा पोषक द्रव असतो. त्यात साखर, क्षार, जीवनसत्त्वे आणि बहुधा वासराच्या रक्तातील द्रव असतो. बाटली ३७ अंश सेल्सिअसला, म्हणजे आपल्या शरीराइतक्याच उष्णतेत ठेवतात. पेशी तळाला चिकटतात, हातपाय पसरतात आणि एकीच्या दोन, दोहोंच्या चार होऊ लागतात.

शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास

१९०७ साली अमेरिकेतील रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या भ्रूणातील चेता-ऊतीचा कण लसिकेच्या थेंबात टांगून ठेवला आणि त्यातून चेतातंतू फुटताना पाहिले. जिवंत पेशी शरीराबाहेर वाढताना पाहण्याची ही सुरुवात. योगायोग असा, की ही सुरुवातच चेतासंस्थेच्या पेशींपासून झाली.

१९२६ मध्ये पर्सिव्हल बेली आणि हार्वे कुशिंग यांनी ग्लायोमांचे पहिले मोठे वर्गीकरण मांडले. त्याचा आधार पेशींचे रूप हा होता. पुढे १९३० च्या दशकात लंडनमध्ये डोरोथी रसेल आणि ब्लँड यांनी ग्लायोमाचे जिवंत तुकडे काचेच्या भांड्यात वाढवून पाहिले. स्लाइडवरून दिलेली नावे जिवंत पेशींच्या वागण्याशी कितपत जुळतात, हे त्यांना तपासायचे होते.

कल्चरने थेट निदान केल्याचे ठळक उदाहरण १९४७ सालचे आहे. अमेरिकेतील मार्गारेट मरे आणि आर्थर पर्डी स्टाउट यांनी दाखवून दिले, की मुलांच्या न्यूरोब्लास्टोमाच्या त्या लहान गोल पेशी बाटलीत ठेवल्या, तर एक-दोन दिवसांतच त्यांना चेतातंतूंसारखे लांब, नाजूक धागे फुटतात. लिम्फोमाच्या पेशींना असे धागे फुटत नाहीत. स्लाइडवर जुळ्या भावांसारख्या दिसणाऱ्या पेशी, पण वाढायला जागा मिळताच एकीने आपले कूळ सांगितले.

आपल्याकडील काम

या क्षेत्रात महाराष्ट्राचे नाव अगदी सुरुवातीपासून आहे. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत टिश्यू कल्चरचे तंत्र शिकून घेतले. परत आल्यावर त्यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये १९६० च्या दशकात भारतातील पहिली टिश्यू कल्चर संशोधन प्रयोगशाळा उभारली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. या संस्थेचे काम पुढे टाटा मेमोरियल सेंटरच्या खारघर येथील ‘ॲक्ट्रेक’ या केंद्रात चालू राहिले.

पुण्याला विद्यापीठाच्या आवारात ‘नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स’ ही केंद्र सरकारची संस्था आहे. १९८० च्या दशकात ती पेशींची राष्ट्रीय पेढी म्हणून सुरू झाली. देशभरच्या प्रयोगशाळांना येथून पेशी पुरवल्या जातात. येथेच डॉ. अंजली शिरस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका ॲस्ट्रोसायटोमा गाठीतून दोन पेशीवंश तयार केले आणि २००३ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांची नावे एच.एन.जी.सी.-१ आणि एच.एन.जी.सी.-२. आपल्या विषयाचे मर्म या दोन भावंडांत आहे.

दोघांचा उगम एकच, एका रुग्णाची एकच गाठ. पण पहिल्या वंशाच्या पेशी सावकाश वाढत. शेजारच्या पेशीला टेकल्या की थांबत, जशी समजूतदार माणसे रांगेत एकमेकांना ढकलत नाहीत. त्यांनी गाठ तयार केली नाही. दुसऱ्या वंशाच्या पेशी झपाट्याने वाढत. तळाला चिकटण्याचा आधार नसला तरी त्यांचे काही अडत नसे. आसपास घुसण्याची आणि गाठ बनवण्याची ताकद त्यांच्यात होती. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. या दुसऱ्या वंशात ती जवळजवळ निम्मीच उरली होती. वाढीचा संदेश झेलणारी काही प्रथिने त्यांच्यात प्रमाणाबाहेर होती, पहिल्या वंशात नव्हती.

पहिला वंश सौम्य ग्लायोमासारखा वागणारा आणि दुसरा ग्लायोब्लास्टोमासारखा. एका गाठीच्या पोटात दोन स्वभाव नांदू शकतात, आणि सौम्य गाठ पुढे आक्रमक का होते याचे धागेदोरे पेशींच्या आत सापडतात, हे या कामाने स्पष्ट केले. सौम्य गाठ काढलेल्या रुग्णालाही डॉक्टर ठरावीक मुदतीने एम.आर.आय. करायला का बोलावतात, त्याचे उत्तर यात आहे.

मग प्रत्येकाची गाठ वाढवून का पाहत नाहीत?

हा प्रश्न वाचकांच्या मनात आलाच असेल. याची कारणे चार.

पहिले कारण वेळ. काही पेशी दोन दिवसांत स्वभाव दाखवतात, पण बऱ्याच गाठींच्या पेशी स्थिरावायला अनेक आठवडे लागतात. रुग्णाला तेवढे थांबता येत नाही.

दुसरे कारण, सगळ्या गाठी बाटलीत वाढत नाहीत. सौम्य गाठी तर फारच कमी वेळा वाढतात. म्हणजे जिथे शंका मिटायला हवी तिथेच बाटली रिकामी राहण्याचा संभव.

तिसरे कारण, तुकड्यात गाठीबरोबर इतर साध्या पेशीही आलेल्या असतात. शेतात पिकापेक्षा तण जोरात वाढावे, तशा त्या कधी कधी गाठीच्या पेशींना मागे टाकतात.

चौथे कारण सर्वांत महत्त्वाचे. बाटलीत राहून पेशी बदलतात, आणि हाताळताना त्यांची अदलाबदलही होऊ शकते. स्वीडनमधील उप्साला येथे १९६० च्या दशकात तयार झालेला यू-८७ हा ग्लायोब्लास्टोमाचा पेशीवंश जगभर वापरला गेला. २०१६ मध्ये जनुकीय तपासणीतून असे उघड झाले, की जगभर वाटला गेलेला वंश मूळ रुग्णाच्या गाठीचा नाहीच. म्हणून बाटलीतली पेशी काही सांगत असेल तर तिची ओळखही पुन्हा पुन्हा तपासावी लागते.

या कारणांमुळे रोजच्या निदानात मेंदूच्या गाठीचे कल्चर करीत नाहीत. ते संशोधनाचे साधन आहे. पण संशोधनातले साधन म्हणजे रुग्णाला निरुपयोगी, असे समजू नये.

बाटलीतून रिपोर्टापर्यंत

१९७५ साली इंग्लंडमध्ये जॉर्जेस कोहलर आणि सेझार मिलस्टीन यांनी कल्चरमध्ये अशा पेशी तयार केल्या, ज्या एकाच प्रकारचे प्रतिपिंड अखंड बनवत राहतात. प्रतिपिंड म्हणजे ठरावीक प्रथिनाला नेमके ओळखून चिकटणारा पदार्थ. या शोधाला १९८४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आज पॅथॉलॉजिस्ट स्लाइडवर जे खास रंग वापरतात, ज्यांना रिपोर्टात ‘आय.एच.सी.’ म्हणतात, त्यांतले बरेचसे अशाच प्रतिपिंडांवर चालतात. म्हणजे रुग्णाचा तुकडा बाटलीत वाढवलेला नसला, तरी त्याचे निदान करणारा पदार्थ बाटलीतल्या पेशींनीच बनवलेला असतो.

या खास रंगांनी काय कळते? जी.एफ.ए.पी. हे प्रथिन दिसले तर पेशी ग्लियाच्या कुळातली असण्याची शक्यता वाढते. सी.डी.-२० दिसले तर लिम्फोमाकडे बोट जाते. के.आय.-६७ वरून किती पेशी दुप्पट होण्याच्या तयारीत आहेत याचा अंदाज येतो. मेलेल्या पेशीच्या फोटोतूनही तिचा स्वभाव वाचण्याची ही युक्ती.

त्यापुढची पायरी जनुकांची. आय.डी.एच. नावाच्या जनुकातील बदल ग्लायोमांमध्ये २००८ साली प्रथम आढळला. पाठोपाठ लक्षात आले, की हा बदल असलेल्या गाठी साधारणपणे हळू वाढतात. २०१६ पासून जागतिक आरोग्य संघटनेने नुसत्या रूपावर विसंबणे सोडले. आता आय.डी.एच.मध्ये बदल असेल आणि १ व १९ या गुणसूत्रांचे ठरावीक भाग गळालेले असतील, तरच त्या गाठीला ऑलिगोडेंड्रोग्लायोमा म्हणतात. या तपासणीने पूर्वीच्या बहुतेक ‘मिश्र’ गाठी दोहोंपैकी एका बाजूला गेल्या.

मुलांच्या मेड्युलोब्लास्टोमाचेही तसेच. एकाच नावाखाली चार वेगवेगळे गट आहेत, हे जनुकीय अभ्यासातून पुढे आले. त्यांपैकी ‘डब्ल्यू.एन.टी.’ गटातील मुले उपचारांनी बहुतांशी बरी होतात. ‘गट तीन’मधील मुलांना धोका जास्त. ॲक्ट्रेकमध्ये डॉ. नीलम शिरसाट आणि सहकाऱ्यांनी मेणाच्या ब्लॉकमधील तुकड्यावरूनच हा गट ओळखता येईल अशी चाचणी विकसित करून २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. ताजा तुकडा नसला तरी चालतो, ही आपल्यासारख्या ठिकाणच्या रुग्णांच्या दृष्टीने मोठी सोय.

नाव बदलले तर काय बदलते?

कुणी म्हणेल, नाव काही असो, गाठ ती गाठ. तसे नाही.

ग्लायोब्लास्टोमा असेल तर शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवडे किरणोपचार आणि सोबत टेमोझोलोमाइड हे औषध, असा उपचार २००५ पासून रूढ आहे. तो करूनही आयुष्य बहुधा वर्ष-दीड वर्षाच्या हिशेबात मोजावे लागते. ऑलिगोडेंड्रोग्लायोमा असेल तर किरणोपचार व केमोथेरपीला तो चांगला प्रतिसाद देतो आणि अनेक रुग्ण दहा वर्षांहून अधिक जगतात. मुलांचे शिक्षण, शेतीचे कर्ज, नोकरी, यांचे निर्णय या फरकावर अवलंबून असतात.

लिम्फोमा असेल तर गाठ संपूर्ण कापून काढण्यावर भर नसतो; मेथोट्रेक्झेटसारखी औषधे हा मुख्य उपचार असतो. इथे एक सावधगिरी. सूज उतरवण्यासाठी दिलेल्या स्टेरॉइडने लिम्फोमाची गाठ तात्पुरती विरघळू शकते, आणि मग बायोप्सीत काहीच सापडत नाही. म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. आधीच घेतल्या असतील तर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना जरूर सांगावे.

आय.डी.एच. बदल असलेल्या सौम्य ग्लायोमांसाठी व्होरासिडेनिब या गोळीला २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. जनुकाची तपासणी झाली नसेल, तर अशा औषधाचा विचारही करता येत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या भागासाठी ध्यानात ठेवण्याजोगी. स्कॅनमध्ये दिसणारी प्रत्येक गाठ ट्यूमर नसते. क्षयाची गाठ आणि फीतकृमीच्या अळीची गाठ मेंदूत होऊ शकते, तिच्यामुळे फिटही येते, आणि ती पुष्कळदा औषधांनी बरी होते. सारखेपणाचा फसवा खेळ स्कॅनपासूनच सुरू होतो.

नातेवाइकांनी काय करावे?

१) तुकडा प्रयोगशाळेत पोचवण्याचे काम घरच्यांवर आले, तर बरणी गळत नाही ना, तुकडा पूर्ण बुडेल इतके फॉर्मालिन आहे ना आणि बरणीवर रुग्णाचे नाव आहे ना, हे पाहावे. तुकडा साध्या पाण्यात ठेवू नये. तो त्याच दिवशी पोचवावा.

२) ‘पुढील तपासणी आवश्यक’ असे लिहिले असेल तर घाबरू नये आणि टाळूही नये. कोणती तपासणी, तिने उपचारात काय फरक पडेल, ती नागपुरात होईल की ब्लॉक बाहेर पाठवावा लागेल, हे तीन प्रश्न डॉक्टरांना विचारावेत.

३) ब्लॉक आणि स्लाइड या रुग्णाच्या आयुष्याच्या ठेवी आहेत. ब्लॉक वर्षानुवर्षे टिकतो आणि उद्या नवी तपासणी निघाली तर त्यावर ती करता येते. तो कुठे जमा आहे याची पावती फाईलमध्ये लावून ठेवावी.

४) दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यायला मुंबईला जायचे असेल, तर रिपोर्टासोबत ब्लॉक व स्लाइड आणि स्कॅनच्या फिल्म वा सी.डी. घेऊन जावे. नुसता रिपोर्ट घेऊन विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसले, तर ब्लॉकसाठी पुन्हा खेप पडते.

५) ब्लॉक मेणाचा असतो. मे महिन्यातल्या नागपूरच्या उन्हात, बंद गाडीच्या काचेजवळ तो ठेवू नये. कडक डबीत, सावलीत, हातातल्या पिशवीत ठेवावा. स्लाइड काचेच्या असतात, त्या डबीतूनच न्याव्यात.

६) खर्चाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, हे रुग्णालयातील आरोग्यमित्रांना शस्त्रक्रियेपूर्वीच विचारून घ्यावे.

नेहमीच्या शंका

बायोप्सी केल्याने गाठ पसरते का?
‘चाकू लागला की गाठ चिडते’ हा समज खेड्यापाड्यांत फार आहे. तुकडा काढण्यात रक्तस्रावासारखे काही धोके असतात आणि डॉक्टर ते आधी समजावून सांगतात. पण तुकड्याशिवाय ओळख नाही आणि ओळखीशिवाय नेमका उपचार नाही. बायोप्सीनंतर रुग्ण खालावला, तर त्यामागे बहुधा गाठीचा मूळचा स्वभाव असतो.

पेशी वाढवून त्यांवर औषधे तपासून देतो, असे कुणी सांगितले तर?
अशा पद्धतींवर जगभर संशोधन चालू आहे. मेंदूच्या गाठीचे औषध अशा चाचणीवरून ठरवणे ही अजून रूढ पद्धत नाही. पैसे भरण्यापूर्वी आपल्या कॅन्सरतज्ज्ञांना विचारावे.

संशोधनासाठी तुकडा मागितला तर द्यावा का?
तो आपला निर्णय. १९५१ साली बाल्टिमोरमध्ये हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गाठीतील पेशी तिला न सांगता घेतल्या गेल्या आणि त्यांपासून बनलेला पेशीवंश जगभर गेला. तिच्या घरच्यांना ते अनेक वर्षे माहीत नव्हते. आज संशोधनासाठी लेखी संमती घ्यावी लागते. निदानाला पुरेसा तुकडा आधी बाजूला ठेवला जाईल ना, हे विचारावे. कागद वाचून, समजून सही करावी. नाही म्हटले तरी उपचारात फरक पडत नाही. हो म्हटले, तर उद्याच्या एखाद्या रुग्णाची वाट सोपी होऊ शकते.

डॉक्टरांना कधी दाखवावे?
पहाटे वाढणारी डोकेदुखी आणि उलटी, मोठ्या वयात प्रथमच आलेली फिट, एका बाजूच्या हातापायातली वाढती कमजोरी, दिसण्यात किंवा बोलण्यात नव्याने झालेला बदल, ही लक्षणे अंगावर काढू नयेत. फिट आलेल्या माणसाला चप्पल किंवा कांदा हुंगवत बसू नये. त्याला कुशीवर वळवावे, तोंडात काही कोंबू नये आणि दवाखान्यात न्यावे. डोके दुखणाऱ्या प्रत्येकाला गाठ नसते, हेही तितकेच खरे.

तात्पर्य, गाठीचे नुसते रूप पाहून निकाल देण्याचे दिवस मागे पडले. पेशी कशी वागते हे शास्त्रज्ञांनी बाटलीत वाढवून शिकून घेतले आणि ते ज्ञान आता चार ओळींच्या रिपोर्टात उतरले आहे. त्या चार ओळी पूर्ण व्हायला आठ-पंधरा दिवस जास्त लागणार असतील, तर उपचार कधीपर्यंत थांबवता येईल हे डॉक्टरांना विचारून तेवढा धीर धरावा. चुकीच्या नावाने लवकर सुरू झालेल्या उपचारापेक्षा बरोबर नावाने थोडा उशिरा सुरू झालेला उपचार पुष्कळदा अधिक हिताचा ठरतो.